मुलांना संख्यांचे आकृतिबंध स्वतः सापडू द्या : चिंचोके, रांगोळी, लोकर आणि कापरेकर

ठिपके_रेषा (धागा सुरू करणारी)

आमच्या प्रतापनगरच्या बाजूची तिसरी ते सातवीतली मुलं रविवारी सकाळी समाजभवनात जमतात आणि आम्ही दीड-दोन तास गणित करतो. शिकवणी नाही, फी नाही, गृहपाठ नाही. मुलांच्या हातात एखादी वस्तू द्यायची, एक प्रश्न विचारायचा आणि त्यांना काय दिसतं ते ऐकायचं, एवढाच कार्यक्रम. नागपुरात आणि आसपास घरी, शाळेत, वस्तीत असं कुणी करत असेल तर इथे लिहा, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडते. आकृतिबंध मोठ्यांनी सांगितला की त्याचा नियम होतो आणि परीक्षा झाली की तो विसरला जातो. तोच मुलाला स्वतःला सापडला तर ते मूल दुसऱ्याला सांगायला धावतं. पण तिथेही थांबायचं नाही. "असंच का होतं?" हा प्रश्न त्याच बैठकीत यायला हवा. तो आला नाही तर आपण मुलांना जादूचे प्रयोग दाखवले, गणित राहूनच गेलं.

चिंचोक्यांचं उदाहरण देते. मुलांना म्हटलं, एका चिंचोक्यापासून सुरू करा आणि चौरस मोठा करत चला. अट एकच, आधीचा चौरस मोडायचा नाही, त्यालाच दोन बाजूंनी लावत जायचं. एक थर चिंचोक्यांचा, पुढचा सीताफळाच्या काळ्या बियांचा, म्हणजे थर वेगळे दिसतात. एकाला तीन लागले, मग पाच, मग सात, मग नऊ. "सगळे विषम!" हे लगेच ओरडून झालं. १, ४, ९, १६, २५ हे पाढ्यातले वर्ग आहेत हेही मोठ्या मुलांनी ओळखलं. मग विचारलं, विषमच का? एखादा थर सम का येत नाही?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. मग चौथीतल्या एका मुलीनं थराच्या कोपऱ्यातल्या बीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे दोन हात सारखे आहेत, आणि ही एकटी." दोन सारखे भाग आणि वर एक, म्हणजे विषमच होणार. चिंचोके दहा असोत की दहा हजार, तिचं म्हणणं तसंच्या तसं लागू पडतं. पुस्तकातली सिद्धता याहून वेगळं काय सांगते?

तुमचे प्रयोग सांगा. वस्तू घरातली असावी आणि "का?" ला मुलांच्या आवाक्यातलं उत्तर असावं.

हिंगणा_गुरुजी

ताई, फार बरं केलंत. मी हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, चौथी-पाचवी एकत्र बसते. माझा सगळ्यांत भरवशाचा प्रयोग कापरेकरांचा. त्याला पाटी आणि खडू सोडून काही लागत नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण जगापुढे ठेवला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ चं केलं तरी ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथेच येतात. हे शोधणारा माणूस आपल्यासारखाच शाळेत फळ्यापुढे उभा राहणारा होता, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो.

पण वर्गात सुरुवात चार अंकांनी करू नका. वजाबाक्या लांबतात आणि एक दशक चुकला की मूल वाटेतच हरवतं. तीन अंक घ्या. ९१७ घेऊ. ९७१ − १७९ = ७९२. पुढे ९७२ − २७९ = ६९३. पुढे ९६३ − ३६९ = ५९४. पुढे ९५४ − ४५९ = ४९५. आणि ४९५ वर गाडी थांबते. प्रत्येक मूल आपापली संख्या निवडतं आणि वाटेत आलेली सगळी उत्तरं फळ्यावर येऊन लिहितं. फळा भरतो. मग मी खडू खाली ठेवतो आणि म्हणतो, बघा.

पहिल्यांदा दिसतं ते, "गुरुजी, मधात नेहमी नऊच!" मग कुणीतरी कडेचे दोन अंक मिळवतं, तेही नऊ. मग लक्षात येतं की फळ्यावर इतकी गर्दी असूनही वेगळ्या संख्या मोजक्याच आहेत : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. बस, नऊ.

मधात नऊच का, याचं उत्तर मुलांना वजाबाकी उभी मांडली की मिळतं. दशकाच्या घरात वर-खाली तोच अंक असतो. एककाच्या घरात वरचा लहान, म्हणून एक दशक सुटा करावा लागतो. आता दशकाच्या घरात वरचा अंक एकानं कमी झाला, म्हणून शतकाकडून घ्यावं लागतं, आणि उरतात नऊ. दरवेळी.

आता खरा आनंद. संख्या नऊच आहेत, तर सगळ्या तपासून टाकू! ०९९ वरून ८९१, तिथून ७९२. १९८ वरूनही ७९२. ७९२ वरून ६९३, २९७ वरूनही ६९३. ६९३ आणि ३९६ दोन्हींवरून ५९४, आणि तिथून ४९५. बाणांचा एक नकाशा होतो आणि सगळे बाण एका गावाला जातात. तीन अंकी कोणतीही संख्या सुटू शकत नाही हे पाचवीच्या मुलांनी एका फळ्यावर पूर्ण सिद्ध केलं. शेकडो संख्या करून बघायची गरज उरली नाही.

एक काळजी घ्या. ३२२ सारखी संख्या घेतली की उत्तर ९९ येतं आणि मुलं दोन अंकी समजून पुढे जातात. पुढे शून्य लिहायला सांगा, ०९९.

दोन अंकी करून बघा असं मी मुद्दाम सांगत नाही, कुणीतरी स्वतःच करतं. तिथे थांबायला गाव नाही, चक्कर आहे : ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. आमची मुलं ते चक्र अंगणात खडूनं काढून त्यावर उड्या मारत फिरतात.

वर्धारोड_आई

दोघांचं वाचून छान वाटलं, पण माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो मनापासून विचारतेय. माझी मुलगी यंदा शिष्यवृत्तीची तयारी करतेय. बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका असतात, २, ५, १०, १७, पुढे काय? मिनिटभरात उत्तर काढायचं. तासभर बिया मांडून हे साधेल का? शिकवणीवाले सर युक्ती सांगतात, वजाबाक्या करा, उत्तर येतं.

दुसरं म्हणजे चार मुलं एकत्र आली की एक जण भराभर उत्तर सांगतो आणि बाकीचे वही मिटतात. माझी मुलगी त्या बाकीच्यांतली आहे. तिला सापडण्याआधीच कुणीतरी सापडवून मोकळं होतं.

ठिपके_रेषा

ताई, दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तो. आमच्याकडे वहीत तीन रकाने असतात. काय केलं, काय दिसलं, पुढे काय येईल असं वाटतं. तिसरा रकाना भरल्याशिवाय पुढचा थर मांडायचा नाही. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, शेजारी खरं उत्तर लिहायचं. यानं वेग आपोआप उतरतो, कारण उत्तर तोंडानं सांगायचं नसतंच. पहिली दहा मिनिटं बोलणं बंद. मग जोडीदाराला दाखवायचं. मग सगळ्यांना.

भराभर सांगणाऱ्या मुलालाही दटावू नका. त्याला उलटं काम द्या, "तुझा नियम कुठे मोडतो ते शोध." तो अर्धा तास गढून जातो. खरं सांगायचं तर त्याचीही उपासमारच होत असते, त्याला अडेल असं काही कुणी दिलेलंच नसतं.

आता शिष्यवृत्ती. २, ५, १०, १७ मध्ये फरक ३, ५, ७, म्हणून पुढचा ९ आणि उत्तर २६. युक्तीनं हे येतं. चिंचोके मांडलेल्या मुलीला ३, ५, ७ दिसताच चौरसाचे थर आठवतात आणि प्रत्येक संख्या म्हणजे चौरस अधिक एक, हे कळतं. मग तिला पन्नासावी संख्या विचारा, ती २५०१ सांगेल. फरक मिळवत बसणाऱ्याला तिथवर पोचायला फार वेळ लागेल. पण परीक्षेच्या आधीच्या महिन्यात प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्याच लागतात. चिंचोके त्याची जागा घेणार नाहीत. पाढेही पाठ हवेत. उलट माझा अनुभव असा की आकृतिबंधाच्या मागे लागलेली मुलं एका बसल्या जागी वीस वजाबाक्या करतात आणि त्यांना ते ओझं वाटत नाही.

मुलीसोबत घरी दोघींनीच करण्यासारखं एक देते. जुन्या पुठ्ठ्याची गोल तबकडी कापा, कडेला सारख्या अंतरावर दहा खाचा करा, त्यांना ० ते ९ नावं द्या. लोकरीचं टोक शून्यात अडकवा. आता दोनचा पाढा म्हणत प्रत्येक उत्तराच्या एककाच्या अंकाकडे लोकर न्यायची. २, ४, ६, ८, ०. मग नवी तबकडी, तीनचा पाढा. मग चार. प्रत्येक वेळी आधी अंदाज, मग लोकर. काय दिसलं ते इथे लिहा. मी आत्ता सांगत नाही.

लक्ष्मीनगर_आजी

मी गणित शिकलेली नाही, पण ठिपक्यांची रांगोळी उभा जन्म काढली आहे. नातवाला सुट्टीत शिकवत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, चार, तीन, दोन, एक, अशा ओळी. तो म्हणाला, "आजी, ठिपके किती?" मोजले, पंचवीस. तीनपर्यंत जाऊन उतरलं तर नऊ, चारपर्यंत गेलं तर सोळा. त्यानं मान वाकडी केली आणि म्हणाला, "हा तर उभा चौरसच आहे, टोकावर ठेवलेला." मला इतक्या वर्षांत कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

दुसरी आमची मधल्या ठिपक्यांची, नऊ ते पाच. मधे नऊची ओळ, वर-खाली आठ, सात, सहा, पाच. षट्कोन होतो. ते एकसष्ट होतात. याचं काही आहे का?

सिद्धता

आजी, याचं फार सुंदर आहे. मी पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवतो आणि त्यांनासुद्धा हे दाखवतो.

तुमची लहानात लहान रांगोळी म्हणजे एक ठिपका. मग तीन ते दोनची, सात ठिपके. मग पाच ते तीनची, एकोणीस. मग सात ते चारची, सदतीस. मग तुमची एकसष्ट. फरक बघा : ६, १२, १८, २४. सहाचा पाढा, कारण प्रत्येक नवा वेढा सहा बाजूंचा आणि प्रत्येक बाजूला आधीच्यापेक्षा एक ठिपका जास्त. आता नातवाला या रांगोळ्यांची बेरीज करत जायला सांगा. १. १ आणि ७ म्हणजे ८. त्यात १९ म्हणजे २७. त्यात ३७ म्हणजे ६४. त्यात ६१ म्हणजे १२५. घनसंख्या!

का? सुताराकडून सारखे लाकडी ठोकळे कापून घ्या. तीन-तीन-तीनचा घन रचा, सत्तावीस ठोकळे. त्याच्या एका कोपऱ्याकडे एक डोळा मिटून समोरून बघा. बाहेरची कड षट्कोनी दिसते. तुम्हाला समोर दिसणाऱ्या तीन भिंतींचे ठोकळे काढून घेतले तर मागे दोन-दोन-दोनचा घन उरतो, आठ ठोकळ्यांचा. म्हणजे काढलेले एकोणीस, आणि ते तुमच्या पाच ते तीनच्या रांगोळीसारखेच मांडलेले होते. मोठा घन म्हणजे एकावर एक चढवलेल्या अशा रांगोळ्या.

आता सगळ्यांसाठी एक इशारा, कारण या विषयावर लिहिताना तो बहुतेक जण सोडून देतात. आकृतिबंध दिसला म्हणजे तो खरा असतोच असं नाही, आणि हे मुलांनी लहानपणीच स्वतःच्या हातानं अनुभवावं.

मोठं वर्तुळ काढा. कडेवर दोन बिंदू घेऊन जोडा, वर्तुळाचे २ भाग. तीन बिंदू, सगळे एकमेकांना जोडा, ४ भाग. चार बिंदू, ८. पाच बिंदू, १६. आता वहीत अंदाज लिहायला सांगा. सगळे ३२ लिहितील. मग सहा बिंदू घेऊन मोजायला लावा. ३१ येतात. मुलं मानत नाहीत, पुन्हा मोजतात, रंग भरून मोजतात. काहींना ३० येतात आणि भांडण लागतं. ते भांडण लागू द्या. ज्यांनी बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतले त्यांच्या तीन रेषा मधोमध एकाच ठिकाणी छेदतात आणि तिथला चिमुकला त्रिकोण नाहीसा होतो, म्हणून ३०. बिंदू थोडा सरकवला की ३१. दोघांचं मोजणं बरोबर आहे, आखणी वेगळी आहे. पण ३२ कुणाचेच येणार नाहीत.

सातवी-आठवीच्या मुलांना कारणही सांगता येतं. सुरुवातीला एक भाग. प्रत्येक रेषा एक भाग वाढवते आणि रेषा-रेषांचा प्रत्येक छेद आणखी एक. सहा बिंदूंना रेषा पंधरा. छेद व्हायला चार बिंदू लागतात, सहातून चार निवडायचे पंधरा प्रकार. १ + १५ + १५ = ३१. सात बिंदूंना ५७. दुपटीचा नियम इथे कधी नव्हताच, पहिल्या चार पायऱ्यांना तो योगायोगानं जुळत होता.

हा प्रयोग सुरुवातीला करू नये. मुलांनी आधी पाच-सहा आकृतिबंध मनापासून शोधलेले असावेत. त्यानंतर हा आला की "का?" विचारणं ही कुणाची लादलेली सवय राहत नाही.

इतवारी_भाऊ

आमचा फळाचा धंदा आहे. अंबिया बहाराचा संत्रा आला का पोट्टे दुकानात येऊन बसते, तवा मीबी काही करून पाह्यलं, ते सांगतो.

संत्र्याचा ढीग लावाचा तर खाली चौकोन, वर त्याच्यापेक्षा लहान, असं करत वरती एक. माह्या पोट्टीनं विचारलं, बाबा, चार थराले किती लागन? मी तिले म्हनलं, तूच लाव. १६, ९, ४, १. तीस झाले. मंग तिनं तिकोनी ढीग लावला. १०, ६, ३, १. वीस. तीन थराचा तिकोनी दहाचा. ते दोन्ही ढिगाकडं पाहत बसली अन् म्हने, वीस अन् दहा तीसच होते ना बाबा! मी म्हनलं, काऊन होते? तिनं सोळाचा थर घेतला, मधातून तिरपा फोडला, इकडं दहा, तिकडं सहा. हरेक चौकोनाचे दोन तिकोन होते, एक मोठा, एक लहान. मले हे कोनी शिकवलं नव्हतं. धंद्यात उभा जन्म गेला.

दुसरं, संत्र्याच्या फोडी मोजाले लावल्या. पोट्ट्यायले वाटे सगळ्याईत सारख्याच असन. नसते. कोनात दहा, कोनात अकरा, कोनात बारा. पाटीवर रेघा वढल्या तर मधातल्या आकड्यापाशी गर्दी झाली. हे गणितात बसते का नाही, ताई?

ठिपके_रेषा

भाऊ, नक्कीच बसतं. काही गोष्टी नियमानं बांधलेल्या असतात, तुमच्या ढिगासारख्या. काही गोष्टी एका आकड्याच्या आसपास फिरतात, फोडींसारख्या. मुलांना दोन्ही भेटायला हवं. तुमच्या मुलीनं सोळाचा थर फोडला ते मी येत्या रविवारी करणार आहे. संत्री तुमच्याकडूनच घेईन.

मराठीची_बाई

गणिताच्या धाग्यावर मराठीची शिक्षिका लिहितेय, कारण हे आमच्या तासाला सापडलं. लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा. मुलांना म्हटलं, लघूला एक टाळी आणि गुरूला टाळी देऊन एक ठोका थांबायचं. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? मुलांनी वाजवून वाजवून पाच प्रकार काढले : चारही लघु, दोन लघु मग गुरू, लघु-गुरू-लघु, गुरू मग दोन लघु, आणि दोन गुरू. तीन मात्रांना तीन, दोन मात्रांना दोन, एकीला एक. पाच मात्रांना आठ. १, २, ३, ५, ८. पुढचा तेरा कुणीतरी वाजवण्याआधीच सांगितला, आधीच्या दोघांची बेरीज म्हणून.

बेरीज का, हेही टाळ्यांनीच उलगडलं. पाच मात्रांचा कोणताही प्रकार शेवटी लघूवर संपतो किंवा गुरूवर. लघूवर संपला तर आधी चार मात्रा, पाच प्रकार. गुरूवर संपला तर आधी तीन, तीन प्रकार. पाच आणि तीन आठ.

ही संख्यांची रांग जगात फिबोनाचीच्या नावानं ओळखली जाते, त्याचं पुस्तक १२०२ चं. पण आपल्याकडे छंदशास्त्रात विरहांकानं आणि नंतर ११५० च्या सुमारास हेमचंद्रानं नेमका हाच मात्रांचा प्रश्न सोडवून हीच रांग मांडली होती. वृत्तांचा अभ्यास करताना गणित निघालं, हे माझ्या नववीच्या वर्गाला फार आवडलं.

सिद्धता

बाई, यालाच जोडून. नारायण पंडितांच्या १३५६ च्या 'गणितकौमुदी'त गायींचा प्रश्न आहे. एक गाय दरवर्षी एक कालवड देते, कालवड चौथ्या वर्षापासून दरवर्षी एक देते, वीस वर्षांनी किती? मुलांनी काड्या मांडत गेलं की १, २, ३, ४, ६, ९, १३, १९ असं वाढतं. इथे आधीच्या दोघांची बेरीज चालत नाही. नियम काय आहे ते मुलांवर सोडा, "यंदा व्यायला तयार किती?" एवढाच प्रश्न विचारत राहा. वीस वर्षांनी २७४५ आलं तर बरोबर. तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात करा, लाकडी नंदीबैल घेऊन मुलं येतात तेव्हा गोठ्याच्या गोष्टीला वेगळा रंग चढतो.

वर्धारोड_आई

तबकड्या केल्या. दोघींनी नाही, तिनं एकटीनं, मी लोकर सोडवायला होते.

दोनच्या पाढ्याचा पंचकोन आला. तीनचा दहाही खाचा फिरून चांदणी झाली. चारचा पाच टोकांचा तारा. पाचची एकच रेघ, ० आणि ५ मध्ये येरझारा. मग सहाचा करायला घेतला आणि मधेच थांबून म्हणाली, "आई, हा चारचाच येणार." तसाच आला, फक्त लोकर उलट्या दिशेनं फिरली. मग न करताच सांगितलं की सातचा तीनसारखा, आठचा दोनसारखा, नऊचा एकसारखा. वहीत जोड्या लिहिल्या, १-९, २-८, ३-७, ४-६, आणि पाच एकटा. मी विचारलं, का? संध्याकाळी जेवताना उत्तर आलं, "सहा पुढे जाणं म्हणजे चार मागे येणंच. दहा खाचा आहेत ना!"

आता ती विचारतेय की खाचा बारा केल्या तर काय होईल. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, तर म्हणाली त्यावर लोकर बांधून दे. प्रश्नपत्रिकाही चालू आहेत, तेही सांगते.

लक्ष्मीनगर_आजी

बाराला पाचचा आणि सातचाच सगळ्या खाचा फिरेल, असं नातू माझ्याशेजारी बसून म्हणतोय. आणि एकचा आणि अकराचा. बाकीचे मधेच परत शून्याला येतात. त्यानं केलेलं नाही, मनातच केलं.

सिद्धता

नातवाला सांगा, बरोबर. आता त्याला विचारा, अकरा खाचा केल्या तर कोणता पाढा मधेच परत येईल?

हिंगणा_गुरुजी

आमच्या व्हरांड्यात शहाबादी फरशा आहेत, तिथला एक प्रयोग लिहितो आणि एक प्रश्नही. सात फरशा एका ओळीत. डावीकडे तीन मुलगे, उजवीकडे तीन मुली, मधली रिकामी. प्रत्येकानं समोरच जायचं, मागे नाही. पुढची फरशी रिकामी असेल तर सरकायचं, किंवा समोरच्या गटातल्या एकाला ओलांडून पलीकडच्या रिकाम्या फरशीवर उडी. दोन्ही गटांची अदलाबदल व्हायला किती चाली?

सुरुवातीला सगळे अडकतात. मग एकास एक करून बघतात, ३ चाली. दोनास दोन, ८. तीनास तीन, १५. चारास चार, २४. "वर्गापेक्षा एक कमी" हे त्यांना दिसलं. उड्या आणि सरकणं वेगळं मोजलं तेव्हा तीनास तीनमध्ये उड्या ९ आणि सरकणं ६. उड्या नऊ का, हे मुलांनी सांगितलं, प्रत्येक मुलाला प्रत्येक मुलीच्या पलीकडे जायचंच आहे, तीन त्रिक नऊ. सरकणं सहाच का, यावर अजून वाद चालू आहे.

आणि प्रश्न असा. परवा एक मुलगी आली नव्हती, तीन मुलगे आणि दोनच मुली होत्या. तरी त्यांनी खेळ मांडला आणि ११ चाली झाल्या. आता त्यांना यासाठीही नियम हवा आहे. मी गप्प बसलोय, पण मला स्वतःला नीट कारण हवं.

ठिपके_रेषा

गुरुजी, दोन्हींना एकच कारण पुरतं. फरशा मोजायच्या.

तीनास तीनमध्ये प्रत्येक जण एकूण चार फरशा पुढे जातो, सहा जण म्हणजे चोवीस फरशा. नऊ उड्यांत प्रत्येकी दोन, अठरा फरशा झाल्या. उरल्या सहा, त्या सरकून. म्हणून ९ + ६ = १५.

तीन मुलगे आणि दोन मुली असतील तर प्रत्येक मुलगा तीन फरशा पुढे जातो आणि प्रत्येक मुलगी चार. नऊ आणि आठ, सतरा फरशा. उड्या तीन दुणे सहा, त्यात बारा फरशा. उरल्या पाच. ६ + ५ = ११, मुलांनी केलं तेच. उड्या म्हणजे दोन्ही गटांचा गुणाकार आणि सरकणं म्हणजे दोन्ही गटांची बेरीज. हे त्यांना सांगू नका, फक्त फरशा मोजायला लावा. "वर्गापेक्षा एक कमी" म्हणणाऱ्यांना विचारा की ११ मध्ये एक मिळवला तर १२ येतात, ते कशाचे? तीन चोक बारा त्यांना सापडेल, दोन्ही गटांत एकेक वाढवून केलेला गुणाकार.

पुढच्या वेळी चार मुलगे आणि दोन मुली उभ्या करा. त्यालाही सातच फरशा लागतात, आणि चालायच्या आधी प्रत्येकाला पाटीवर आकडा लिहू द्या.